ही बातमी तुमच्या करारात कुठे बसते?

पत्र:

नमस्कार. माझी पहिली कादंबरी लिहून झाली. लिहिता लिहिता या व्यवसायाचीही माहिती हवी म्हणून प्रकाशनविश्वाच्या बातम्या देणारी काही वार्तापत्रं सुरू केली, आणि आता त्यांनीच माझी झोप उडवली आहे. सोमवारी वाचते की पुढचा काळ ऑडिओबुकांचा. बुधवारी वाचते की छापील पुस्तकाला मरण नाही. शुक्रवारी कळतं की एआयने लिहिलेल्या पुस्तकांचा पूर आलाय. प्रत्येक बातमीनंतर माझा विचार बदलतो. एका लहान प्रकाशनसंस्थेने कादंबरी स्वीकारून आठ पानी करार पाठवलाय, तो तसाच पडून आहे. बहीण म्हणते, स्वतःच काढ, सगळे पैसे तुझे. त्यातच एका ‘आंतरराष्ट्रीय प्रकाशन सेवे’चा मेल आला. स्पर्धेसाठी पाठवलेलं माझं एक प्रकरण त्यांनी वाचलंय म्हणे, आणि इतकी सुंदर स्तुती माझी आजवर कुणी केली नव्हती. ते एक पॅकेज देताहेत. शिवाय सध्या प्रेमकथा आणि अद्भुतरम्यतेची सरमिसळ खपते असं वाचलं, तर कादंबरीत थोडा बदल करावा का? काय वाचू, काय सोडू, काय करू?

– निर्णय न होणारी लेखिका

उत्तर:

अहो, घरात प्रकाशकाचा करार येऊन पडलाय आणि तुम्ही बातम्या वाचत बसला आहात! तो करार आज बाहेर काढा. माझं पुढचं सगळं म्हणणं त्या आठ पानांना धरूनच आहे, कारण प्रकाशनव्यवसायातली कुठलीही बातमी तुमच्या कामाची आहे की नाही, हे ओळखायची माझ्याकडे एकच कसोटी आहे: ती करारातल्या कुठल्या ओळीवर येऊन बसते? बसत असेल तर नीट वाचा. बसत नसेल तर ती दुसऱ्या कुणाची तरी बातमी आहे.

या वार्तापत्रांमधला बराचसा मजकूर प्रकाशक, वितरक आणि दुकानदार यांच्यासाठी असतो. लेखक तो वाचतो आणि स्वतःला लावून घेतो. पेंग्विन रँडम हाउस या बड्या प्रकाशनसंस्थेला सायमन अँड शूस्टर ही दुसरी बडी प्रकाशनसंस्था विकत घ्यायची होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो व्यवहार अडवला, का, तर लेखकांना मिळणाऱ्या आगाऊ रकमा घटतील म्हणून. लेखकांच्या बाजूचाच निकाल वाटतो ना? पण खटला उभा होता तो अडीच लाख डॉलर किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम मिळणाऱ्या पुस्तकांवर. पुढच्या वर्षी केकेआर या गुंतवणूक कंपनीने सायमन अँड शूस्टर १६२ कोटी डॉलरला घेतली. बातमी मोठी, नावं मोठी, आणि पहिल्या कादंबरीच्या लेखिकेला त्यातून घेण्यासारखं जवळजवळ काहीच नाही.

आता दुसरी बातमी बघा, जी कुठे ठळक छापून आली नाही. अ‍ॅमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेने जून २०२५ पासून ९.९९ डॉलरपेक्षा कमी किमतीच्या पेपरबॅकवरची रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, ६० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. दहाच टक्के तर कमी झाले, असं वाटतं. पण या रॉयल्टीतून छपाईचा खर्च वजा होतो. समजा पुस्तकाची किंमत ८ डॉलर आणि छपाई ३ डॉलर. आधी ४.८० मधून ३ गेले की हातात १.८० उरायचे. आता ४ मधून ३ जातात आणि उरतो १. म्हणजे लेखकाची कमाई जवळपास निम्म्यावर आली. ‘सगळे पैसे तुझे’ म्हणणाऱ्या बहिणीला ही बेरीज-वजाबाकी करायला सांगा. स्वतः पुस्तक काढू नये असं मी म्हणत नाही. पण तिथेही तुम्ही कुणाशी तरी करारच करत असता. फरक इतकाच की तो करार ‘मला मान्य आहे’ या चौकटीत टिचकी मारून होतो आणि समोरचा तो एकतर्फी बदलू शकतो.

कादंबरीत बदल करायचा प्रश्न लगेच निकालात काढू. करू नका. पारंपरिक प्रकाशनात स्वीकृतीपासून दुकानात पुस्तक येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, दोनही जातात. आज दुकानाच्या दर्शनी टेबलावर जी लाट दिसते ती पुस्तकं संपादकांनी केव्हाच घेऊन ठेवलेली होती. तुम्ही आज प्रेमकथेत ड्रॅगन घालाल, तो उडेपर्यंत संपादक दुसरंच काहीतरी शोधत असतील.

मात्र या लाटांमागे लपलेली एक गोष्ट तुमच्या फार उपयोगाची आहे. टिकटॉकवरच्या वाचकांनी २०२० नंतर ज्या पुस्तकांना उचलून धरलं, त्यांतली कितीतरी जुनी होती. २०१६ साली आलेली एक अमेरिकी कादंबरी २०२२ साली तिथल्या छापील पुस्तकांच्या वार्षिक खपात पहिली आली. सहा वर्षांनी! जुन्या पुस्तकाला असं कधीही नवं आयुष्य मिळू शकतं, आणि तेव्हा त्या पुस्तकाचे हक्क कुणाकडे असतील, हा खरा प्रश्न आहे. आता करारात ‘मुदत’ आणि ‘हक्क परत मिळणे’ ही कलमं शोधा. तुमच्या आठ पानांत ती बहुधा शेवटाकडे, बारीक अक्षरांत असतील.

इथे जरा थांबते, कारण नवे लेखक सगळ्यात जास्त इथेच फसतात. पूर्वी करारात साधं वाक्य असायचं: पुस्तक छापून संपलं आणि प्रकाशकाने ठरावीक मुदतीत नवी आवृत्ती काढली नाही, तर हक्क लेखकाकडे परत. गठ्ठे संपले की नाही हे गोदामात जाऊन दिसायचं. मग १९९० च्या दशकाच्या अखेरीस मागणीनुसार एकेक प्रत छापायचं तंत्र व्यापारात आलं आणि त्यापाठोपाठ ई-बुक आलं. आता पुस्तक ‘संपत’च नाही. वर्षाला दोन प्रती विकल्या गेल्या तरी ते कागदोपत्री उपलब्ध असतं आणि हक्क प्रकाशकाकडे अडकून राहतात. २००७ साली सायमन अँड शूस्टरने आपल्या नमुना करारातून किमान खपाची अटच काढून टाकली तेव्हा ऑथर्स गिल्ड या अमेरिकी लेखकसंघटनेने जाहीर हरकत घेतली, आणि कंपनीला या मुद्द्यावर बोलणी करायची तयारी दाखवावी लागली. तुमच्या करारात ‘उपलब्ध असेपर्यंत’ असे शब्द असतील तर त्यांच्या जागी आकडा मागा. लागोपाठ दोन वर्षं अमुक प्रतींपेक्षा कमी खप झाला तर लेखिकेच्या लेखी मागणीवरून इतक्या दिवसांत हक्क परत, असं. आणखी सोपं म्हणजे मुदतच ठरवून घ्या: पाच किंवा सात वर्षं, पुढे दोघांच्या संमतीने वाढ. लहान प्रकाशक याला मोठ्यांपेक्षा लवकर तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

रॉयल्टीच्या ओळीत टक्केवारीकडे नंतर बघा, आधी ‘कशावर’ ते बघा. छापील किमतीवर की निव्वळ उत्पन्नावर, म्हणजे सवलत वजा जाता प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर? दुकानं आणि वितरक छापील किमतीवर ४० ते ५५ टक्के सवलत घेतात. किंमत १०० धरली आणि सवलत ५०, तर छापील किमतीवरचे १० टक्के म्हणजे १०, आणि निव्वळ उत्पन्नावरचे १० टक्के म्हणजे ५. करारात ‘दहा टक्के’ दोन्हीकडे सारखंच दिसतं. ई-बुकसाठी मोठे इंग्रजी प्रकाशक निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्के देतात, बोलणी करताना तो आकडा हाताशी ठेवा. आणखी एक ओळ असते, न विकल्या गेलेल्या प्रती दुकानांकडून परत येतील म्हणून रॉयल्टीचा काही भाग राखून ठेवण्याची. न खपलेली पुस्तकं परत घेण्याची प्रथा अमेरिकेत १९३० च्या मंदीत रुजली आणि तिचा भार आजही लेखकाच्या हिशेबावर येतो. राखून ठेवायला हरकत नाही. पण किती टक्के आणि किती काळ, हे लिहिलेलं हवं.

ऑडिओबुकांच्या बातमीने तुम्हाला धडकी भरली, त्याचं कारण मला कळलं नाही. ऑडिओ वाढतंय, हे खरंच आहे. २०२३ मध्ये स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या सेवेने काही देशांतल्या आपल्या वर्गणीदारांना दरमहा ठरावीक तास ऑडिओबुकं ऐकायची सोय दिली, त्याच वर्षी अ‍ॅपलने यंत्राच्या आवाजात वाचलेली पुस्तकं बाजारात आणली. तुमच्यासाठी यातून दोनच गोष्टी निघतात. एक, तुमचा प्रकाशक ऑडिओ काढतो का? काढत नसेल तर ते हक्क त्याला कशाला देता? तो म्हणेल, ‘पुढे काढू.’ मग लिहून घ्या की दीड-दोन वर्षांत काढलं नाही तर हक्क परत. दुसरी, यंत्राच्या आवाजात काढायचं झालं तर तुमची लेखी संमती लागेल, हे करारात घाला.

आता एआय. पुराची बातमी खोटी नाही. अ‍ॅमेझॉनला २०२३ मध्ये एका खात्यावरून दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तकं चढवायला बंदी करावी लागली, यावरूनच अंदाज येतो. (दिवसाला तीन पुस्तकं ही मर्यादा वाटणारे लोक असतात, याची मला अजून गंमत वाटते.) पण त्या पुरामुळे तुमची कादंबरी वाईट होत नाही, फक्त ती सापडायला अवघड होते. कराराच्या दृष्टीने महत्त्वाची बातमी वेगळीच आहे. पायरेटेड पुस्तकसंग्रहांतून प्रती उतरवून घेतल्याबद्दल लेखकांनी अँथ्रॉपिक या एआय कंपनीवर खटला भरला आणि २०२५ मध्ये तो दीडशे कोटी डॉलरवर मिटला. पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. मथळ्यांत हे आकडे झळकले. पण पैसे कुणाला? ज्या पुस्तकांची नोंदणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात ठरावीक मुदतीत झाली होती त्यांनाच. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे पुस्तक लिहिताक्षणी त्याचा कॉपीराइट तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तरीही नोंदणी वेळेत नसलेली पुस्तकं त्या यादीबाहेर राहिली. म्हणून करारात विचारा: कॉपीराइट कुणाच्या नावावर छापणार, नोंदणी करणार का, कुठे, किती दिवसांत? आणि अशी भरपाई मिळालीच तर वाटणी कशी?

याच विषयातली दुसरी बातमी २०२४ च्या नोव्हेंबरची. हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशनसंस्थेने आपली काही ललितेतर पुस्तकं एका तंत्रज्ञान कंपनीला एआय शिकवायला देण्याचं ठरवलं, पण लेखकाने हो म्हटलं तरच. तुमच्या करारातही ‘लेखिकेच्या लेखी परवानगीशिवाय एआयच्या प्रशिक्षणासाठी मजकूर देता येणार नाही’ ही ओळ असायला हवी. प्रकाशक सांगेल की आम्ही पुस्तकाच्या पहिल्या पानांवर तशी सूचना छापतोच. छापू देत. ती सूचना तिऱ्हाइतासाठी आहे, प्रकाशकाला ती बांधत नाही.

लहान प्रकाशकाला एक प्रश्न मात्र तोंडीच विचारा: तुमचं वितरण कोण करतं? २०२४ च्या मार्चअखेरीस अमेरिकेतली स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन ही जुनी वितरणसंस्था एकाएकी बंद पडली. सुमारे चारशे लहान प्रकाशक एका दिवसात उघड्यावर आले, काहींची पुस्तकं गोदामांत अडकली, काहींचे पैसे. त्या प्रकाशकांची यात चूक नव्हती, आणि त्यांच्या लेखकांची तर नव्हतीच. प्रकाशकाने सरळ उत्तर दिलं तर चांगलं लक्षण. व्यवसाय बंद पडला किंवा दिवाळं निघालं तर हक्क आपोआप लेखिकेकडे येतील आणि शिल्लक प्रती छपाईच्या भावात विकत घेता येतील, ही ओळही मागा. (दिवाळखोरीचे कायदे जागोजागी वेगळे असतात, तेव्हा हे कलम तरी वकिलाला दाखवा.)

दुकानांच्या बातम्यांत तुम्हाला बरं वाटावं असंही काही आहे. जेम्स डाँट २०११ मध्ये ब्रिटनच्या वॉटरस्टोन्स दुकानांचे प्रमुख झाले आणि प्रकाशकांकडून पैसे घेऊन दर्शनी जागा विकण्याची पद्धत त्यांनी बंद केली. कुठलं पुस्तक पुढे मांडायचं हे प्रत्येक शाखेतले विक्रेते ठरवू लागले, परत जाणाऱ्या प्रती खूप घटल्या. २०१९ पासून अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबलची सूत्रंही त्यांच्याकडेच आहेत. सायमन अँड शूस्टरच्या मुख्य प्रकाशन विभागाने तर २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केलं की मुखपृष्ठासाठी नामवंत लेखकांकडून शिफारशीची वाक्यं मिळवायची सक्ती आपण आपल्या लेखकांवर करणार नाही. नामवंतांशी ओळख नसलेल्या नव्या लेखिकेसाठी या दोन्ही बातम्या चांगल्या आहेत. पुस्तक एखाद्या विक्रेत्याने वाचलं आणि त्याला आवडलं, तर ते पुढच्या टेबलावर येऊ शकतं. तेव्हा छपाईआधी विक्रेत्यांना वाचायला प्रती पाठवणार का, किती, हे प्रकाशकाला विचारा. जाहिरातीच्या मोठाल्या आश्वासनांपेक्षा या उत्तरावरून मला जास्त कळतं.

राहिला तो सुंदर स्तुतीचा मेल. असे मेल सध्या ढिगाने येतात, आणि पूर्वीसारखे अशुद्ध भाषेतले नसतात. मलपृष्ठावरचा मजकूर किंवा कुठे तरी दिलेलं एखादं प्रकरण एआयला खाऊ घातलं की नायिकेच्या एकटेपणावर तीन हळवे परिच्छेद काही क्षणांत तयार होतात. म्हणून स्तुती कितपत नेमकी आहे हे बघू नका, पैसा कुठून कुठे जातोय ते बघा. संपादकाला, मुखपृष्ठकाराला, मुद्रितशोधकाला त्यांच्या कामाचे पैसे देणं वेगळं: काम संपलं, पैसे दिले, हक्क तुमच्याकडेच. पैसेही तुम्हीच द्यायचे आणि हक्कही तुम्हीच द्यायचे, ही मागणी आली की तिथे उठायचं. नावाबद्दल शंका असेल तर ‘रायटर बिवेअर’ या १९९८ पासून चालणाऱ्या लेखकांच्या उपक्रमात ते आधीच नोंदलेलं आहे का बघा. उत्तर मात्र पाठवू नका, नकाराचंही नाही. उत्तर गेलं की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं आणि मग पुढचे दहा येतात.

पुढेमागे स्वतः पुस्तक काढलंत तर एक लक्षात ठेवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, स्वतःच्या नावावर घ्या. स्वप्रकाशनाच्या सेवा तो फुकट देतात, पण तो त्यांच्या नावावर नोंदलेला असतो आणि ती छापील आवृत्ती तोच क्रमांक घेऊन दुसरीकडे नेता येत नाही.

पण तुमच्या बाबतीत माझं मत या लहान प्रकाशकाकडे झुकतं. पहिल्या कादंबरीला चांगला संपादक मिळणं फार मोलाचं असतं, आणि तो असा प्रकाशक देऊ शकतो. वर सांगितलेल्या गोष्टी एका पानावर उतरवा आणि एकाच पत्रात पाठवा, रोज एकेक शंका नको. सगळं मिळणार नाही. मुखपृष्ठावरचा अंतिम शब्द मी सोडून दिला असता, लेखिकेला मिळणाऱ्या फुकट प्रतींचा आकडाही. निव्वळ उत्पन्नावरची रॉयल्टीसुद्धा चालवून घेतली असती, टक्का थोडा वाढवून मिळत असेल तर. हक्क परत मिळण्याचा आकडा आणि एआयची ओळ या दोन गोष्टींवर मात्र अडून बसा.

आणि शेवटच्या पानावर एक कलम असेल, तुमच्या पुढच्या लेखनावर पहिला हक्क प्रकाशकाचा, असं सांगणारं. तिथे ‘पुढील सर्व साहित्य’ लिहिलं असेल तर ते ‘पुढील एक कादंबरी’ करून घ्या. तीही ‘याच अटींवर’ नको, त्या वेळी ठरतील त्या अटींवर. आणि हस्तलिखित हाती आल्यापासून साठ दिवसांत प्रकाशकाने हो किंवा नाही कळवायचं, हेही त्यातच घाला.